प्रोस्टेट काढल्यानंतर चढणारा पीएसए : ‘नॉर्मल’ छापलेला अहवाल कसा वाचावा

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून एका मुलाने वडिलांविषयी विचारले आहे. वडील 66 वर्षांचे असून आजही वावरात राबतात. जवळजवळ तीन वर्षांपूर्वी, ऑक्टोबर महिन्यात, कर्करोगामुळे नागपुरात त्यांची प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथी, पूर्ण काढण्यात आली. त्यानंतरचे पीएसएचे, म्हणजे या ग्रंथीच्या पेशी तयार करतात त्या प्रथिनाच्या रक्ततपासणीचे, आकडे असे आहेत : सहा आठवड्यांनी 0.01 पेक्षा कमी, एका वर्षाने 0.03, विसाव्या महिन्यात 0.07, सत्ताविसाव्या महिन्यात 0.12 आणि आता पस्तिसाव्या महिन्यात 0.21. शेवटची तपासणी नेहमीच्या नागपूरच्या प्रयोगशाळेऐवजी तालुक्याच्या ठिकाणी केली आहे. अहवालावर ‘0 ते 4 नॉर्मल’ असे छापलेले असल्यामुळे तालुक्याला काळजी करू नका असे सांगण्यात आले. एका नातेवाइकाने मात्र आकडा एकवीस पट झाला, म्हणजे रोग अंगभर पसरला, असे सांगून घरात रडारड करून ठेवली. वडिलांची कंबर दुखते, त्यामुळे भीती आणखी वाढली आहे. सोयाबीन काढून आणि कापूस वेचून झाल्यावर नागपूरला गेले तर चालेल का, हा शेवटचा प्रश्न आहे.

या दोन्ही सल्ल्यांपैकी एकही बरोबर नाही. मात्र पहिला सल्ला अधिक धोक्याचा आहे, कारण तो ऐकून माणूस निश्चिंत होतो आणि उपचाराचा सर्वांत चांगला काळ हातातून निघून जातो. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेले प्रथिन आहे. निरोगी पेशीही ते तयार करतात आणि कर्करोगाच्या पेशीही करतात. अहवालावर छापलेली चारची मर्यादा ज्याची ग्रंथी शरीरात आहे अशा पुरुषासाठी आहे. ज्याची ग्रंथी मुळासकट काढली आहे, त्याच्या रक्तात हे प्रथिन तयार करणारे काही उरलेलेच नसावे. रक्तातील पीएसए साधारण दोन ते तीन दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांनी केलेल्या तपासणीत तो मोजता न येण्याइतका कमी झालेला असला पाहिजे. आपल्या वडिलांचा तो तसा झाला होता, ही चांगली गोष्ट आहे. ज्यांचा पीएसए या पहिल्या तपासणीतही 0.1 च्या खाली उतरत नाही, त्यांचा विचार वेगळ्या पद्धतीने आणि अधिक तातडीने करावा लागतो.

प्रयोगशाळेच्या यंत्राला समोरच्या माणसाची शस्त्रक्रिया झाली आहे हे माहीत नसते. ते प्रत्येकाच्या अहवालावर तोच तक्ता छापते. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ कमरेच्या असह्य वेदनांसह आले होते. त्यांच्या पिशवीत पीएसएचे सहा अहवाल व्यवस्थित लावून ठेवलेले होते, आकडा 0.3 पासून 3.8 पर्यंत पायरी-पायरीने चढलेला होता आणि सहाही अहवालांवर तो मर्यादेच्या आतच दिसत होता. तपासणी त्यांनी एकदाही चुकवली नव्हती. त्या पिशवीची आठवण मला अजून अस्वस्थ करते, आणि म्हणूनच ज्यांचे प्रोस्टेट काढले आहे त्यांनी अहवालावरील छापील मर्यादा पेनाने खोडून टाकावी, असे मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण आपल्या भागात हा घोळ फार होतो. लघवी तुंबते म्हणून दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेलाही लोक ‘प्रोस्टेट काढलं’ असेच म्हणतात. त्या शस्त्रक्रियेत मार्ग अडवणारा आतला भाग तेवढा खरवडून काढतात. ग्रंथीचा बाहेरचा भाग जागेवरच राहतो आणि तो पीएसए तयार करत राहतो. अशा रुग्णाचा पीएसए शून्याजवळ येणे अपेक्षितच नाही, आणि मी पुढे जे लिहिणार आहे ते त्याला लागू होत नाही. आपली कोणती शस्त्रक्रिया झाली याबद्दल शंका असेल तर डिस्चार्ज कार्ड पाहावे. आपल्या वडिलांच्या कार्डावर ‘रॅडिकल प्रोस्टेटेक्टॉमी’ असे स्पष्ट लिहिले आहे, त्यामुळे त्यांच्याबाबत ही शंका नाही.

आता आकड्यांकडे येऊ. शस्त्रक्रियेनंतर पीएसए 0.2 किंवा त्याहून अधिक झाला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर त्याला रक्तातील पुनरावृत्ती म्हणण्याची पद्धत आहे. याचा अर्थ एवढाच, की रोगाची खूण रक्तात दिसते आहे. गाठ कुठेही हाताला लागत नाही, तपासणीच्या चित्रात दिसत नाही आणि रुग्णाला कसलाही त्रास नाही. ‘एकवीस पट’ हा हिशेब ऐकायला भयंकर आहे, पण तो जवळजवळ निरर्थक आहे, कारण 0.01 आणि 0.03 हे आकडे मोजण्याच्या क्षमतेच्या अगदी तळाशी असतात आणि तिथे यंत्राच्या किरकोळ चढउतारानेही दुप्पट-तिप्पट फरक दिसतो. हा आकडा नॅनोग्रॅममध्ये असतो, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग.

पटींपेक्षा मी आकडा दुप्पट होण्यास किती काळ लागतो ते पाहतो. विसाव्या महिन्यातील 0.07 पासून पस्तिसाव्या महिन्यातील 0.21 पर्यंत पंधरा महिन्यांत आकडा तिप्पट झाला आहे. त्यावरून दुप्पट होण्याचा काळ साधारण साडेनऊ महिने निघतो. हा काळ एका वर्षापेक्षा अधिक असेल आणि मूळ पॅथॉलॉजी अहवालातील, म्हणजे काढलेल्या ग्रंथीच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीतील, रोगाची प्रत सौम्य असेल, तर धोका कमी मानतात. एका वर्षापेक्षा कमी असेल तर रोग अंगात थोडा जोर धरून आहे असे समजून उपचाराचा विचार वेळेत करतात. तीन महिन्यांच्या आत दुप्पट होणारा पीएसए हा खरा घाबरवणारा प्रकार, आणि आपल्या वडिलांचा तसा मुळीच नाही.

परंतु हा साडेनऊ महिन्यांचा हिशेब मी अजून पक्का धरत नाही. त्यात एक आकडा 0.1 च्या खालचा आहे, आणि शेवटचा आकडा वेगळ्या प्रयोगशाळेतला आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच रक्ताचा पीएसए वेगवेगळा येऊ शकतो. तालुक्यातील 0.21 हा आकडा नागपूरच्या यंत्रावर 0.17 आला असता की 0.24, हे ते रक्त तिथे गेल्याशिवाय कळणार नाही. म्हणून पहिले काम असे करावे, की याच आठवड्यात पूर्वीच्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करावी. त्यासाठी नागपूरला जाण्याची गरज नाही. बहुतेक मोठ्या प्रयोगशाळांची रक्त घेण्याची केंद्रे तालुक्याला असतात, फक्त नमुना त्याच मुख्य प्रयोगशाळेत जाणार आहे ना, हे विचारून घ्यावे. उपाशीपोटी जाण्याची आवश्यकता नाही. केसांसाठी किंवा ताकदीसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात, कारण त्या काही यंत्रांची मोजणी बिघडवतात.

आकडा खरा आहे असे धरले तर तो येतो कुठून, हा पुढचा प्रश्न. शक्यता तीन आहेत. शस्त्रक्रियेत निरोगी ग्रंथीचा एखादा कण मागे राहिला असेल, तर पीएसए अगदी थोडा असतो आणि वर्षानुवर्षे जवळपास जागेवरच राहतो. सतत चढणाऱ्या आकड्याचे हे कारण सहसा नसते. दुसरी शक्यता अशी, की ग्रंथी जिथे होती त्या खोबणीत कर्करोगाच्या काही पेशी राहून गेल्या. तिसरी शक्यता अशी, की काही पेशी शस्त्रक्रियेपूर्वीच लसीका गाठींत किंवा हाडांत जाऊन बसल्या होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेतला फरक रक्ताच्या तपासणीवरून कळत नाही, पण तीन वर्षांपूर्वीचा पॅथॉलॉजी अहवाल त्याविषयी बरेच सांगतो.

आपण पाठवलेल्या अहवालात ग्लीसन गुण, म्हणजे पेशींच्या रूपावरून रोगाचा जोर सांगणारा आकडा, 4 अधिक 3, म्हणजे 7 आहे; रोग ग्रंथीच्या आवरणाबाहेर किंचित आलेला होता; लसीका गाठी स्वच्छ होत्या; आणि कापलेल्या कडेवर एका जागी कर्करोगाच्या पेशी सापडल्या होत्या. कडेवर पेशी सापडल्या हे वाचून आपण घाबरला असाल, आणि त्या वेळी ते घाबरण्यासारखे होतेही. आज मात्र त्याच ओळीला मी थोड्या आशेने पाहतो. कडेवर पेशी होत्या, गाठी स्वच्छ होत्या आणि पीएसए पहिली दीड वर्षे जवळपास शून्यावर राहून मग हळूहळू वर आला, हे तिन्ही मिळून रोग मूळ जागीच उरला असण्याची शक्यता वाढवतात. आणि मूळ जागी उरलेला रोग किरणोपचाराने समूळ नष्ट होण्याची संधी असते. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटला तरी तो कायमचा बरा होण्याची दुसरी संधी प्रोस्टेटच्या कर्करोगात मिळते; फार थोड्या कर्करोगांत असे घडते.

ही संधी आकडा लहान असताना सर्वांत मोठी असते. पीएसए 0.5 च्या वर जाण्याआधी किरणोपचार सुरू झाले तर परिणाम चांगले मिळतात हे बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे, आणि अलीकडील अभ्यासांचा कल 0.25 च्या आसपासच ते सुरू करावेत असा आहे. मग शस्त्रक्रियेनंतर लगेच, पीएसए शून्य असतानाच, किरण का दिले नाहीत, असे आपण विचारले आहे. त्या वेळच्या डॉक्टरांनी चूक केली नाही. ब्रिटन व काही इतर देश, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि फ्रान्स येथील तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष 2020 मध्ये एकत्र मांडले गेले. लक्ष ठेवून पीएसए 0.1 ते 0.2 च्या आसपास येताच किरण देण्याची पद्धत, सर्वांना आधीच सरसकट किरण देण्याइतकीच गुणकारी ठरते, असे त्यांतून दिसले. अनेकांना किरणांची गरजच पडत नाही आणि ते विनाकारण होणाऱ्या त्रासातून वाचतात. मात्र या पद्धतीत एक अट आहे : लक्ष खरोखर ठेवले गेले पाहिजे आणि आकडा वर येताच पाऊल उचलले गेले पाहिजे. आपण आज नेमके त्या टप्प्यावर आहात.

आता सोयाबीन आणि कापसाचा प्रश्न. शेतकऱ्याच्या घरी हा प्रश्न गौण नसतो हे मला ठाऊक आहे. वर्षाचा पैसा याच तीन-चार महिन्यांत हाती येतो. म्हणून तो भावनेवर न सोडता हिशेबाने सोडवू. साडेनऊ महिन्यांत दुप्पट हा वेग धरला, तर 0.21 हा आकडा तीन महिन्यांनी 0.26 च्या आसपास, सहा महिन्यांनी 0.33 च्या आसपास आणि वर्षभराने 0.5 पर्यंत पोहोचतो. म्हणजे सोयाबीन काढेपर्यंतच्या महिन्याभराने काही बिघडणार नाही. तसेही फेरतपासणी, डॉक्टरांची भेट आणि किरणोपचाराची आखणी यांत तेवढे दिवस जातातच. परंतु कापसाची शेवटची वेचणी होईपर्यंत, म्हणजे माघ-फाल्गुनापर्यंत थांबणे मला मान्य नाही. त्या मुदतीत आपण चांगल्या टप्प्यातून कमी चांगल्या टप्प्यात जाऊ. तपासणी आता, भेट पंधरा दिवसांत आणि किरण दिवाळीनंतर लगेच, असे नियोजन करावे. वेचणीची व्यवस्था भावकीतल्या कुणाकडे किंवा मजुरांकडे सोपवता येईल. वडिलांना त्या काळात वावरात उभे राहणे जमणार नाही हे गृहीत धरा.

किरणोपचाराला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. यात चटका बसत नाही, दुखत नाही, भूल लागत नाही. आठवड्यातून पाच दिवस, रोज काही मिनिटे, असे साधारण साडेसहा ते सात आठवडे चालते. काही ठिकाणी रोजची मात्रा किंचित वाढवून हा काळ चार आठवड्यांवर आणतात. रोज ठरावीक पाणी पिऊन लघवीची पिशवी भरलेली ठेवावी लागते, म्हणजे आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला राहतात. वारंवार लघवी लागणे, शौचाला घाई होणे, थकवा येणे हे त्रास उपचार चालू असताना होतात आणि बहुतेकांचे नंतर ओसरतात. काहींना महिन्यांनी किंवा वर्षांनी लघवीतून वा शौचातून रक्त जाते. ते दिसल्यास घाबरून घरी बसू नये, दाखवावे. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा पूर्ण परत आला आहे असे आपण लिहिले आहे, तेव्हा त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

यासाठी मुंबईला जाण्याची आवश्यकता नाही. नागपुरातील राष्ट्रसंत तुकडोजी विभागीय कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, तसेच सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय येथे किरणोपचार होतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या किरणोपचाराचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे, आणि तेही उपचार सुरू होण्याआधी, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. सात आठवडे रोज एसटीने ये-जा करणे 66 वर्षांच्या माणसाला झेपणार नाही, म्हणून राहण्याची सोय रुग्णालयातील समाजसेवा विभागात विचारून आधीच लावून घ्यावी.

पीएसएमए पेट स्कॅन करावा का, असेही आपण विचारले आहे. या तपासणीत प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींना चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन त्या कुठे आहेत ते पाहतात, आणि आजच्या घडीला याहून संवेदनशील तपासणी नाही. पण 0.5 च्या खालच्या पीएसएला निम्म्याहून अधिक रुग्णांत तीही काही दाखवत नाही. जमल्यास ती करावी, कारण एखादी गाठ दिसली तर किरणांची आखणी बदलते; परंतु स्कॅन स्वच्छ आला म्हणून किरणोपचार पुढे ढकलू नयेत, आणि स्कॅनच्या पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबूही नये. साधा सीटी स्कॅन आणि हाडांचा स्कॅन यांचा मात्र 0.2 च्या पीएसएला जवळजवळ काही उपयोग नाही. तो खर्च टाळावा.

कमरेच्या दुखण्याविषयी मनातील भीती काढून टाका. इतक्या लहान पीएसएला हाडांत पसरलेल्या रोगामुळे कंबर दुखणे अत्यंत दुर्मिळ आहे. चाळीस वर्षे वाकून निंदण-वेचण केलेल्या माणसाच्या कमरेला दुखण्याची स्वतःची पुरेशी कारणे असतात. तरीही पायांतील शक्ती कमी होणे, लघवी अचानक अडणे किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूस बधिरता येणे, असे काही झाले तर ते कोणत्याही कारणाने असो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हार्मोनच्या इंजेक्शनबद्दल, आणि त्याहून अधिक अंडकोष काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, घाई करू नये. पुरुषी संप्रेरक बंद केले की प्रोस्टेटचा कर्करोग दबतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना 1966 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हाडांत पसरलेल्या रोगासाठी तो उपाय आजही आधार आहे. पण तो रोगाला दाबतो, मुळातून काढत नाही; शिवाय हाडे ठिसूळ होणे, साखर व वजन वाढणे, अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटणे, काम करण्याची ताकद घटणे ही त्याची किंमत असते. अंडकोष काढणे तर परत फिरवता येत नाही. एकच खर्च आणि कटकट संपली, या विचाराने 0.3 पीएसए असताना ही शस्त्रक्रिया करून घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांना आधी किरणोपचाराची संधी मिळायला हवी होती असे मला मनापासून वाटते. किरणांच्या जोडीला सहा महिने हार्मोनचे इंजेक्शन द्यावे का, हा विषय वेगळा आहे. पीएसए जितका अधिक तितका त्याचा लाभ अधिक दिसतो, 0.2 च्या आसपास तो निर्णय किरणोपचार तज्ज्ञांनी वडिलांचे हृदय, साखर आणि फेरतपासणीचा आकडा पाहून घ्यावा.

घरातील रडारडीबद्दल एक जुनी पण भक्कम माहिती देतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने 1999 मध्ये, शस्त्रक्रियेनंतर पीएसए वाढू लागलेल्या 304 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोग दुसरीकडे पसरल्याचे दिसेपर्यंत त्यांना कोणताही पुढील उपचार दिलेला नव्हता. अभ्यासाच्या काळात त्यांपैकी 103 जणांत, म्हणजे 34 टक्क्यांत, रोग पसरला. आणि पीएसए वाढल्यापासून पसरण्यापर्यंतचा मध्यम काळ आठ वर्षांचा होता. हे उपचाराविना आहे हे लक्षात घ्या. ऐंशीच्या घरातील एका आजोबांचा पीएसए दोन वर्षांत जेमतेम दुप्पट होत होता, त्यांना मी काहीही दिले नाही, फक्त सहा महिन्यांनी रक्त तपासत राहिलो, आणि तेच त्यांच्या हिताचे होते. आपले वडील 66 वर्षांचे, धडधाकट आहेत; त्यांच्यासमोर अजून बरीच वर्षे आहेत, म्हणून त्यांच्याबाबत मी उपचाराच्या बाजूचा आहे.

गावातून मिळणारा काढा आणि झाडपाल्याच्या पुड्या या काळात बंद ठेवाव्यात. त्यांत काय मिसळलेले असते ते कुणी लिहून देत नाही, आणि एखाद्या पुडीत संप्रेरकासारखे द्रव्य असेल तर आकडा फसवा खाली येतो आणि रोग बरा झाल्याचा भास होतो.

आपण शेवटी लिहिले आहे, की वडिलांना यातले काहीच सांगितलेले नाही, त्यांना फक्त ‘रक्त तपासायचं’ एवढेच माहीत आहे. यामागची माया मला समजते. पण सात आठवडे रोज पिशवी भरून त्या टेबलावर स्थिर पडून राहायचे आहे ते त्यांना. संमतीपत्रावर सही त्यांची असेल, आणि दुष्काळ, गारपीट व बोंडअळी अंगावर घेतलेल्या माणसाला हा आकडा झेपणार नाही असे आपण त्यांच्या वतीने ठरवू नये. रोगाची खूण पुन्हा दिसली आहे, ती लवकर दिसली आहे आणि तिच्यावर उपाय आहे, अशा साध्या शब्दांत त्यांना सांगावे. त्यांना आपल्याहून वेगळे प्रश्न पडतील, आणि त्यांची उत्तरेही त्यांनाच मिळायला हवीत.

तेव्हा फेरतपासणीचा अहवाल हाती आला, की आकडा काहीही असो, शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनांची आणि किरणोपचार तज्ज्ञांची भेट घ्यावी. येताना आजवरचे पाचही पीएसए अहवाल तारखेनुसार लावून, मूळ पॅथॉलॉजी अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या आणाव्यात. तालुक्याहून नुसती फाइल पाठवून सल्ला मागण्याची आपल्याकडे सवय आहे. या वेळी वडिलांना सोबत घेऊन यावे.